फ्रिज घरात, बिल दुकानाच्या नावावर : लहरीपुऱ्यातल्या एका शेठना खुले पत्र

शेठ,



या पत्रात तुमचे नाव घालत नाही. तुम्ही जे केलेत ते बडोद्यात आणि बडोद्याबाहेरही बरेच जण करतात. वाचताना ज्यांना वर आपलाच पत्ता लिहिला आहे असे वाटेल, त्यांनी पत्र आपल्यालाच आले आहे असे समजावे.

माझा आरोप असा आहे. तुम्ही घरासाठी साठ हजारांचा फ्रिज ऑनलाइन मागवलात, बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक घातलात आणि त्यावरचा कर दुकानाच्या विवरणपत्रात वजा करून घेतलात. याला बाजारात ‘सेटिंग’ म्हणतात, ‘अॅडजस्ट केले’ म्हणतात. मी चोरी म्हणते. ती कोणाची झाली, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे आलो होतो. जेवणे आटोपल्यावर तुम्ही आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन तो दोन दारांचा फ्रिज दाखवलात. मग खिशातून फोन काढलात, बिल उघडलेत आणि माझ्या भाच्याला समजावू लागलात. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे बिल मीही पाहिले. वर विक्रेत्याचा क्रमांक २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्रातला. माल भिवंडीच्या गोदामातून निघालेला. बिल कोणाच्या नावे, त्या रकान्यात तुमच्या दुकानाचे नाव, लहरीपुऱ्याचा पत्ता आणि २४ ने, म्हणजे गुजरातच्या आकड्याने सुरू होणारा तुमचा क्रमांक. माल कुठे पोचवायचा, त्या रकान्यात मात्र घरचा पत्ता. तळाशी आयजीएसटी, म्हणजे परराज्यातून आलेल्या मालावरचा जीएसटी, १८ टक्के, ९,१५२ रुपये. ‘मागवताना नंबर टाकायचा, बस. हे नऊ हजार सुटले,’ असे तुम्ही म्हणालात. आणि लगेच, ‘तुला टीव्ही घ्यायचाय ना? माझा नंबर घे.’ भाच्याने घेतला नाही. तिथल्या आणखी तिघांनी घेतला.

तुम्ही हिशेबात कच्चे आहात असे कोणी म्हणणार नाही. सुट्टे दोन रुपये नाहीत म्हणून तुम्ही ग्राहकाच्या हातावर गोळी ठेवत नाही, शेजारच्या दुकानातून सुट्टे आणवता. साडीचा ताका मोजताना वीतभर कापड कमी भरले, तर सुरतेच्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी फोन जातो. इतक्या बारीक नजरेच्या माणसाला ९,१५२ रुपये कोणाच्या खिशातून आले ते दिसले नाही, यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला ते बघायचे नव्हते.

मग मी दाखवते.

व्यापाऱ्याने माल घेताना भरलेला कर त्याला परत वजा करून मिळतो, हा जीएसटीचा गाभा आहे. तुम्ही सुरतेहून साड्या आणता, त्यावर कर भरता. त्या साड्या विकताना ग्राहकाकडून कर घेता. सरकारला देताना आधी भरलेला कर वजा करता आणि फरक तेवढा भरता. हे योग्यच आहे, नाहीतर करावर कर बसत गेला असता. दुकानातली कपाटे, बिल करायचा संगणक, उन्हाळ्यात गिऱ्हाईक टिकावे म्हणून बसवलेला एसी, यांच्यावरच्या कराची वजावटही तुमच्या हक्काची आहे. या वस्तू धंद्यासाठी आहेत आणि त्यांचा खर्च शेवटी विकलेल्या मालाच्या किमतीत येतो. म्हणजे तो कर पुढे जातो आणि वस्तू जो शेवटी वापरतो त्याच्यापाशी थांबतो.

तुमच्या घरातला फ्रिज पुढे कुठेही जाणार नाही. त्यात तुमच्या घरचे दूध, तुमच्या घरचा श्रीखंडाचा डबा राहणार. तो शेवटी वापरणारे तुम्हीच, म्हणून त्याचा करही तुमच्यापाशीच थांबायला हवा होता. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ज्या खरेदीवर वजावट मिळत नाही तिची यादी आहे आणि त्यात स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तू स्पष्ट लिहिल्या आहेत. हा नियम समजायला वकील लागत नाही. वस्तू कोण वापरणार, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा असतो.

आता तुमच्याकडे येणाऱ्या बायकांचा हिशेब बघा. हजार रुपयांच्या साडीवर ५ टक्के, म्हणजे ५० रुपये कर. तुम्ही पक्के बिल देता, तो कर बिलावर दाखवता, ही तुमची चांगली सवय मला मान्य आहे. ती बाई घासाघीस करून साडीचे शंभर रुपये कमी करून घेते, पण कराच्या रकान्यातले पैसे मुकाट्याने मोजून देते, कारण ते सरकारचे आहेत असे तुम्ही तिला सांगता. ९,१५२ रुपये गोळा व्हायला अशा १८३ साड्या विकाव्या लागतात. १८३ बायकांनी तुमच्या गल्ल्यावर ठेवलेला सरकारचा पैसा तुम्ही फ्रिजच्या बिलाशी वजा करून टाकलात. त्यांतली एखादी वाडीतून चालत आली असेल, एखादीने मुलीच्या लग्नासाठी महिनाभर पैसे बाजूला ठेवले असतील. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या फ्रिजला हातभार लावायचे कबूल केले होते का?

‘कर वाचवला’ असे तुम्ही म्हणता. तो पैसा तुमचा असता, तर वाचवला म्हणता आला असता. तो ग्राहकाने तुमच्या हाती सरकारसाठी दिलेला होता. तुम्ही फक्त मधले हात होतात.

आता तुमच्या दुसऱ्या वागण्याविषयी लिहिते, कारण मला जास्त राग त्याचा आहे. ऑनलाइन कंपन्यांनी आपला बाजार खाल्ला, हे तुमच्या दुकानात बसल्यावर दर वेळी ऐकायला मिळते. बायका येतात, दहा साड्या उलगडायला लावतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन तशीच मागवतात, ही तुमची तक्रार खरी आहे. मंगळ बाजारातून न्यायमंदिराकडे चालत येताना नवरात्राआधीची गर्दी पूर्वी कशी असायची ते मलाही आठवते. बाहेरून येणाऱ्या मालावर इथल्या इतकाच कर बसला पाहिजे, ही व्यापाऱ्यांची मागणी न्याय्यच होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुजरातचे तेव्हाचे अर्थमंत्री सौरभ पटेल यांनी अर्थसंकल्पात ऑनलाइन मागवलेल्या मालावर प्रवेश कर आणण्याची घोषणा केली, तेव्हा तुमच्या बाजारात समाधान होते. उत्तराखंड, आसाम, बिहार अशा राज्यांनीही त्या सुमारास तोच रस्ता धरला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने असा कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला.

त्यामागचा विचार काय होता? माल कुठेही बनो, कोणत्याही राज्यातून निघो, तो जिथे वापरला जातो तिथल्या रस्त्यांवरून येतो, तिथल्या विजेवर चालतो, त्याचा कचरा तिथलीच महापालिका उचलते. म्हणून कर तिथला. वेशीवर जकात घेणाऱ्यांचा हिशेबही मुळात हाच होता. जकात त्रासदायक होती, नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या, चिरीमिरी चालायची. २००७ मध्ये गुजरातने महापालिकांची जकात बंद केली ते बरेच झाले. प्रवेश करही १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरून गेला. विचार मात्र तसाच राहिला, उलट अधिक पक्का झाला. आता भिवंडीहून बडोद्याला आलेल्या फ्रिजवरच्या आयजीएसटीतला साधारण निम्मा वाटा केंद्राचा आणि निम्मा गुजरातचा. महाराष्ट्राला त्यातला वाटा नाही, कारण फ्रिज चालणार बडोद्यात. तुमच्या बाजाराने जे मागितले होते ते हेच. नाक्याशिवाय, रांगेशिवाय, बिलावरच मिळाले.

ते मिळाल्यावर तुम्ही काय केलेत? इतरांनी मागवलेल्या साडीवर कर पाहिजे आणि स्वतः मागवलेल्या फ्रिजवर नको. फ्रिज ऑनलाइन घेतलात, याबद्दल माझी तक्रार नाही. जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यायचा हक्क जसा त्या साडी घेणाऱ्या बाईला आहे, तसा तुम्हालाही आहे. पण रावपुऱ्यातला फ्रिजवाला दुकानदार सगळा कर भरून जो भाव सांगतो, त्याच्यापुढे तुमचा भाव कर गिळून पडलेला आहे. ऑनलाइन कंपन्यांवर तुम्ही ज्या अन्यायाचा आरोप करता, तोच अन्याय तुम्ही त्या शेजाऱ्यावर लादलात. उद्या तो तुमच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला येईल, तेव्हा त्याच्याशी कोणत्या तोंडाने भावाच्या गोष्टी कराल?

तुमची उत्तरे मला माहीत आहेत. त्या दिवशी भाच्याने शंका काढली, तेव्हा तुम्ही ती एकामागून एक दिलीत.

पहिले, ‘बधा करे छे.’ सगळेच करतात. सगळे करत नाहीत. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक आहे त्यालाच हे करता येते. तुमच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलीने घरी मिक्सर घेतला, तर ती १८ टक्के पूर्ण भरते, कारण तिच्याकडे क्रमांक नाही. तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी पंखा घेतात, त्याही भरतात. म्हणजे मालकाने घरच्या वस्तूवर कर भरायचा नाही आणि नोकराने भरायचा, अशी रीत तुम्ही रुजवता आहात.

दुसरे, ‘आमच्या सीएने घेतले.’ सीएपुढे येते ते बिल. जीएसटी पोर्टलवर तुमच्या खरेदीच्या यादीत ते आपोआप दिसते, दुकानाच्या नावाने. त्या माणसाने विचारले असेल, ‘हे दुकानाचेच ना?’ तुम्ही ‘हो’ म्हणाला असाल किंवा काहीच बोलला नसाल. फ्रिज कुठे ठेवला आहे हे त्याला कसे कळणार? विवरणपत्रावर सही तुमच्या दुकानाची आहे आणि खरे काय ते तुम्हालाच माहीत आहे. या एका जागी सरकारने तुमच्या शब्दावर भरवसा ठेवला आहे. तिथेच तुम्ही खोटे बोललात.

तिसरे, ‘मोठे लोक कोटींच्या बोगस बिलांवर वजावट घेतात, आमचे नऊ हजार कुठे दिसतात?’ बोगस बिलांच्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या गुजरातमध्ये येतात, मीही वाचते. त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यांचे नाव घेऊन तुम्ही स्वतःची तुलना कोणाशी करता आहात, याचा विचार करा. आणि नऊ हजार म्हणाल, तर त्या खोलीत तिघांनी तुमचा नंबर घेतला आहे. एकाने टीव्ही, दुसऱ्याने वॉशिंग मशीन, तिसऱ्याने मुलासाठी लॅपटॉप घेतला, तर साड्यांच्या एका दुकानाच्या नावावर चार घरांचा संसार उभा राहील. पुढे चौकशी आली, तर उत्तर त्या तिघांना नाही, तुम्हाला द्यावे लागेल.

चौथे उत्तर तुम्ही सगळ्यात जोरात दिलेत, ‘सरकार आपल्याला देते काय?’ त्याचे उत्तर या शहरात उभे आहे. आपण आजही आजव्याचे पाणी पितो. तो तलाव सयाजीराव महाराजांच्या काळात राज्याच्या तिजोरीतून झाला. १९०६ मध्ये महाराजांनी सगळ्या बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याआधी १८९३ पासून अमरेलीत ते करून पाहिले होते. तुमच्या माझ्या घरातल्या आज्या त्या शाळांमुळे लिहायला वाचायला शिकल्या. त्या शाळांना पैसा कुणी दिला? शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्याने, कर भरणाऱ्या व्यापाऱ्याने. आज सयाजी रुग्णालयात केसपेपर काढून ज्या बायका बाहेर बाकावर बसलेल्या असतात, त्यांचे औषधपाणी राज्याच्या तिजोरीतून होते, आणि त्या तिजोरीत तुमच्या फ्रिजचा वाटा जायला हवा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा सरकार कुठे आहे म्हणून आपण सगळेच ओरडलो. ओरडणे रास्त होते. मग हातगाडीवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत मदत जाहीर झाली, ती याच तिजोरीतून. सरकार पैसा नीट खर्च करत नसेल, तर जाब विचारायचा हक्क तुम्हाला पुरेपूर आहे. पण तो जाब कर भरून विचारायचा असतो.

तुमचा पुतण्या न्यू जर्सीत आहे, त्याचे कौतुक तुम्ही नेहमी सांगता. तिथली व्यवस्था त्याला एकदा विचारा. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि जवळच्या डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही. डेलावेअरमध्ये सोफा घेऊन घरी आणला, तर न्यू जर्सीला त्याचा वापरकर द्यावा लागतो, आणि तिथल्या प्राप्तिकराच्या फॉर्मवर त्यासाठी वेगळी ओळ असते. इंटरनेटवरून किंवा परराज्यातून घेतलेल्या आणि कर न लागलेल्या वस्तूंवरचा कर स्वतः मोजून तिथे लिहायचा. लोक ती ओळ सर्रास कोरी ठेवत, आणि त्याची झळ गावातल्या दुकानांना बसत असे. शेवटी २१ जून २०१८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा आणि वेफेअर कंपनी यांच्यातल्या खटल्यात निकाल दिला, की राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्यालाही राज्य कर गोळा करायला लावू शकते. आपल्याकडे जीएसटीने हे वर्षभर आधीच केले होते. म्हणजे तुम्हाला स्वतः हिशेब मांडायचीही तसदी नाही. कर बिलातच घेतलेला होता. तुम्हाला फक्त तो परत काढून घ्यायचा नव्हता.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने लिहिते. ऑनलाइन खरेदी करताना दुकानाचा क्रमांक घालण्याचा पर्याय समोर येतो आणि किती रुपये वाचतील तेही झळकते. मोह पडावा अशीच ती रचना आहे. क्रमांक घालणाऱ्याला ‘ही वस्तू धंद्यासाठी आहे का?’ असा साधा प्रश्न ठळकपणे विचारला पाहिजे, आणि घरच्या पत्त्यावर जाणाऱ्या फ्रिजवर वजावट घेताना पोर्टलने एकदा थांबवले पाहिजे, असे मला वाटते. पण दार उघडे होते म्हणून आत जाऊन वस्तू उचलणाऱ्याला आपण सोडून देत नाही.

आता पुढे काय करायचे ते सांगते, कारण नुसते बोल लावून काम होत नाही.

येत्या महिन्याचे जीएसटीआर-३बी विवरणपत्र भराल, त्यात तक्ता ४(बी)(१) आहे. कलम १७(५) खाली न मिळणारी वजावट परत करायची जागा तीच. ९,१५२ रुपये तिथे लिहा. ती रक्कम वापरून झाली असेल, तर ती ज्या दिवशी वापरलीत तेव्हापासून वर्षाला १८ टक्के दराने व्याज भरा; स्वतःहून भरण्यासाठी डीआरसी-०३ हा फॉर्म आहे. फ्रिज दुकानाच्या खर्चात किंवा मालमत्तेत दाखवला असेल, तर तोही काढा, नाहीतर हीच लबाडी प्राप्तिकरातही होते. नोटीस येण्याआधी स्वतःहून भरणाऱ्याला कायदा दंडातून बऱ्यापैकी मोकळा करतो. हे तुमच्या सीएला खरे सांगून विचारा. तो अर्ध्या तासात करून देईल.

मग त्या तिघांना फोन करा. ‘माझा नंबर वापरू नका, वापरला असेल तर मला सांगा,’ असे स्पष्ट म्हणा. हे काम पैसे भरण्यापेक्षा जड जाईल हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी तुम्ही मोठ्या मनाने नंबर वाटला होतात. पण जे वाटलेत ते तुमचे नव्हते.

आणि बाजारात पुढच्या वेळी ऑनलाइन कंपन्यांविषयी बोलाल, तेव्हा समोर बसलेल्या दुकानदारांना हेही सांगा, की घरच्या वस्तूवरचा कर घरच्या पैशातून भरायचा. लहरीपुऱ्याच्या व्यापाऱ्याचे बाजारात ऐकतात. तुमच्या तोंडून ते गेले, तर माझ्या दहा पत्रांपेक्षा जास्त काम होईल.

दिवाळीच्या खरेदीला मी तुमच्याकडेच येणार आहे. तुमच्याइतका प्रामाणिक ताका मोजणारा दुकानदार मला दुसरा ठाऊक नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहिण्याची तसदी घेतली. पक्के बिल मागेन, करासकट पैसे मोजून देईन, आणि ९,१५२ रुपये परत केलेत का, हेही गल्ल्यापाशी उभे राहून विचारेन. तेव्हा ‘हो’ असे एका शब्दात उत्तर द्या.

तुमची जुनी ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे